भेदरलेल्या मेंढ्यांचे रवंथ आणि गुंगीचे इंजेक्शन

आपण भूम भागातून विचारले आहे की, रात्री वाड्यात भटकी कुत्री शिरल्यापासून कळपाने रवंथ सोडले, त्यातील जखमी मेंढीला टाके घालण्यासाठी झायलाझिन हे गुंगीचे औषध दिल्यावर तिचे पोट फुगले, तर या दोन्हींमागे भीतीच्या वेळी शरीरात सुटणारे संप्रेरक अ‍ॅड्रेनलिनच आहे काय. दोन्हींचे मूळ जवळजवळ एकाच यंत्रणेत आहे. मात्र एकाचा परिणाम मिनिटांत ओसरतो आणि दुसऱ्याचा तासन्‌तास टिकतो, म्हणून दोन्हींकडे सारख्याच नजरेने पाहता येत नाही.

मेंढीचे कोटीपोट, म्हणजे पोटाचा सर्वांत मोठा कप्पा, मिनिटाला साधारण एक ते दोन वेळा आकुंचन पावते आणि त्याची सूत्रे व्हेगस या मज्जातंतूकडे असतात. रवंथाच्या वेळी नेहमीच्या आकुंचनाआधी जाळीदार कप्प्याचे एक जादा आकुंचन होते, त्यामुळे ओला चारा अन्ननलिकेच्या तोंडाशी येऊन घास वर चढतो. जनावर घाबरले की अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरते आणि हे सारे थांबते. शांत उभ्या असलेल्या मेंढीच्या शिरेत अ‍ॅड्रेनलिन सोडले तरी कोटीपोट तसेच मंदावते. हा अटकाव मुख्यतः आल्फा ग्राहकांमार्फत, म्हणजे पेशींवरील ज्या जागांना असे संप्रेरक चिकटते त्यांच्यामार्फत, होतो. परंतु रक्तातील अ‍ॅड्रेनलिन काही मिनिटांतच निकामी होते. त्यामुळे कुत्री हाकलल्यावर कळप निवांत बसला आणि तरीही दुसऱ्या दिवशी एखादी मेंढी रवंथ करत नसेल, तर भीतीला दोष देणे सोडून चावा, वेदना, ताप, किंवा काढणी झालेल्या रानात खाल्लेले ज्वारी-मक्याचे जादा दाणे आणि त्यातून झालेली कोटीपोटाची आम्लता यांचा शोध घ्यावा.

झायलाझिनचे तसे नाही. ते याच ग्राहकांपैकी आल्फा-२ प्रकारावर थेट काम करते, आणि रवंथ करणारी जनावरे त्याला इतकी संवेदनशील असतात की घोड्याच्या मात्रेचा साधारण दहावा हिस्सा त्यांना पुरतो. कोटीपोट थांबले की ढेकरही थांबते. आतल्या जिवाणूंना मात्र गुंगी येत नाही, वायू तयार होतच राहतो आणि डावी भकाळी (बरगड्यांमागची कूस) फुगते. मेंढीमध्ये याहून मोठा धोका फुप्फुसांचा आहे: या औषधाने त्यांत पाणी साचून रक्तातील प्राणवायू घसरू शकतो. म्हणून गुंगीतल्या मेंढीला कुशीवर आडवे न ठेवता छातीवर बसते करावे आणि लाळ बाहेर वाहून जाईल असे तोंड खाली ठेवावे. अ‍ॅटिपामेझोल, योहिम्बिन यांसारखी उतारा-औषधे आहेत, पण ती पशुवैद्यकानेच द्यावीत.

आपल्याकडे कपाशीच्या फवारणीनंतर विषबाधा झाली की दिले जाणारे अ‍ॅट्रोपिनही रवंथ थांबवते, पण ते निराळ्या वाटेने, म्हणजे व्हेगसचा संदेश पोटापर्यंत पोहोचू न देता. तेथे जीव वाचवणे आधी येते. तीव्र अ‍ॅलर्जीत दिलेल्या अ‍ॅड्रेनलिनलाही हेच लागू आहे. रवंथ थांबेल म्हणून ते टाळू नये.

आपल्या मेंढीच्या डाव्या भकाळीवर तळहात दाबून दोन-तीन मिनिटे थांबा. हाताला लाट जाणवू लागली असेल तर औषध उतरते आहे, थोडा वाळला चारा पुढे ठेवा. लाट नसेल आणि भकाळी ढोलासारखी ताणली असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडून नळी घालून वायू काढून घ्या.