आरक्षणाचा धडा शिकवताना वर्गात वाद पेटतो, काय करावं?

आधी न्यायालयाचे निकाल वाचायला द्या, चर्चा नंतर घ्या; आणि ‘तुमच्या समाजाला काय वाटतं?’ असं कुणालाही चुकूनसुद्धा विचारू नका. राज्यशास्त्राच्या तासाला हा विषय मी दरवर्षी घेते. ‘मत सांगा’ म्हटलं की दोन-तीन मुलं बोलतात, बाकीची मान खाली घालून बसतात (कोणती, ते वेगळं सांगायला नको). कागद समोर असला की एकमेकांवर घसरत नाहीत, परिच्छेदावर बोट ठेवून भांडतात. माझा क्रम असा:

- शाहू महाराजांचा १९०२ चा ५० टक्के राखीव जागांचा आदेश
- चंपकम दोराईराजन खटला (मद्रासमधलं कॉलेज प्रवेशांचं जातनिहाय जागावाटप रद्द झालं तो) आणि त्यानंतर संविधानात आलेलं, मागासवर्गांसाठी खास तरतुदीची मुभा देणारं कलम १५(४), दोन्ही १९५१
- इंद्रा साहनी खटला (मंडल आयोगाच्या ओबीसी आरक्षणावरचा निकाल), १९९२
- आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाचा २०२२ चा निकाल

शेवटचा सगळ्यात कामाचा. तिथे न्यायाधीशांमध्येच ३ विरुद्ध २ अशी फूट पडली, त्यामुळे दोन्ही बाजू आयत्या मिळतात. फक्त एफवायच्या (पदवीच्या पहिल्या वर्षाच्या) मुलांपुढे मूळ इंग्रजी निकाल टाकू नका. दोन पानी मराठी सारांश द्या, नाहीतर इंग्रजी माध्यमातली मुलंच पुन्हा तास खाऊन टाकतात.