चूक दाखवणारी पावडर

कोल्हापूर,
शनिवार रात्र

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

घरी काडतुसं भरायची म्हणून प्रेस घेतलीस, साचे घेतलेस, ९ एमएम पिस्तुलाच्या रिकाम्या पुंगळ्या डबाभर साठवल्यास, आणि आता डॅलसहून विचारतेस, काका, पावडर कुठली घेऊ? ओहायोत होतो तोवर अठरा वर्षं मी घरी काडतुसं भरली. इथं परतल्यापासून हात लावलेला नाही. आपल्याकडं काडतूस बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आणि बिनपरवाना हौस सरळ पोलीस ठाण्यात नेऊन बसवते. आणि हो, आईशी फोनवर बोलताना 'पावडर'च म्हण. आपल्या भाषेत तिला दारू म्हणतात, उगाच घरात बोंब व्हायची.

दुकानात कुणी म्हणेल स्वस्त घे, कुणी म्हणेल कमी धुराची घे. तू एवढंच बघ, की आपल्या हातून चूक झाली तर ही पावडर ती आपल्याला दाखवेल का?

हे मी कसं शिकलो ते ऐक. रिव्हॉल्व्हरची .३८ स्पेशल काडतुसं भरत होतो. लाकडी ठोकळ्यात ५० पुंगळ्या उभ्या, एकेक मापाच्या यंत्राखाली धरून पावडर टाकायची. मधेच कोल्हापूरहून फोन आला, बोलून परत बसलो आणि पुढं चालू केलं. दुसऱ्या दिवशी रेंजवर चौथ्या गोळीला 'धाड' ऐवजी नुसतं 'ठुस्स' झालं. मी पुन्हा चाप ओढणार तोच शेजारचा म्हातारा ओरडला, थांब! रिव्हॉल्व्हर रिकामं करून नळीत काडी घातली, तर मधेच अडली. त्या पुंगळीत पावडरच नव्हती. पुंगळीच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी असते, नुसत्या तिच्या जोरावर गोळी नळीत शिरली आणि तिथंच अडकून बसली होती. तिच्यामागून दुसरी गेली असती तर नळी फुगली किंवा फाटली असती. घरी येऊन उरलेली सगळी काडतुसं फोडली. एकात दुप्पट माप निघालं.

ते मला भरताना दिसलं का नाही? .३८ स्पेशलची पुंगळी १८९८ च्या सुमाराची, जास्त जागा खाणाऱ्या जुन्या काळ्या दारूच्या मापानं बेतलेली, म्हणून आत भरपूर मोकळी. माझी पावडर दाट आणि झटकन जळणारी. तिची दोन मापं पडली तरी पुंगळी निम्मी भरत नव्हती.

तुझी ९ एमएमची पुंगळी लहान आहे, हे तुझं नशीब. मध्यम वेगानं जळणारी, जरा फुगीर पावडर घेतलीस तर दुसरं माप पडताच ती काठाशी येते किंवा बाहेर सांडते. दाट पावडर मात्र इथंही दोन मापं गपगुमान पोटात घालते. डबा जास्त दिवस पुरतो म्हणून लोक तिची तारीफ करतात. तू त्या नादाला लागू नकोस.

आता मापाच्या यंत्रातून दर वेळी सारखी पडण्याचं. युनिक ही जुनी, चकत्यांची पावडर. फुगीर आहे, पण यंत्राच्या नळीतून पोह्यांसारखी अडत अडत पडते. २३१ नावाची पावडर चपट्या दाण्यांची, खसखशीसारखी ओघळते, आणि ९ एमएममध्ये दुसरं माप लपवतही नाही. मी तुझ्या जागी असतो तर तीच घेतली असती. तरी गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघच.

वजन ग्रेनमध्ये असतं. एक ग्रेन म्हणजे ६५ मिलिग्रॅम, आपल्या गुंजेच्या निम्म्याला थोडं वर. गुजरीतला सोनार तोलताना पंखा बंद करतो ना, तसा तू एसी बंद कर. आधी दहा मापं टाकून परत डब्यात ओत, मग पुढची दहा एकेक करून तोल आणि लिहून ठेव.

माप किती, ते मी सांगणार नाही. पावडर बनवणाऱ्यांच्या छापील तक्त्यात तुझ्याच गोळीचं वजन आणि काडतुसाची लांबी बघ, आणि खालच्या आकड्यापासून सुरू कर. ९ एमएमचा कमाल दाब ३५,००० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला तितके पौंड, आणि माझ्या .३८ चा १७,०००. म्हणजे माझा अंदाज तुझ्या काहीच कामाचा नाही. शिवाय ९ एमएममध्ये गोळी थोडी जरी आत ढकलली गेली तरी दाब झपाट्यानं चढतो, म्हणून बसवलेली गोळी अंगठ्यानं दाबून बघत जा. कुठली पावडर कुठलीपेक्षा वेगानं जळते याच्या याद्या मिळतात, त्यावरून एकीच्या जागी दुसरी कधी घालू नकोस.

डब्यावर लॉट नंबर असतो. गुऱ्हाळात एका आदणाची चव दुसऱ्या आदणाला नसते, तसंच हे. नवा लॉट उघडलास की पुन्हा खालून सुरुवात. टेबलावर एका वेळी एकच डबा ठेव, मूळचाच, आणि उन्हाळ्यात तो गाडीत विसरू नकोस. फोन दुसऱ्या खोलीत.

दिवाळीला येताना बॅगेचे सगळे कप्पे झटकून घे. एखादी रिकामी पुंगळीसुद्धा अस्तरात राहून गेली तर विमानतळावर काकू चटणीचा डबा घेऊन बाहेर उभी राहील आणि तू आत जबाब देत बसशील.

तुझा
काका