जपानच्या बेसबॉलमध्ये तिसऱ्या क्रमांकाचा संघ विजेता कसा होतो? क्लायमॅक्स सीरिज म्हणजे नेमकं काय?

तुम्ही विचारलंय की २०२४ साली योकोहामाचा संघ आपल्या लीगमध्ये तिसरा आला, तरी शेवटी जपानचा विजेता ठरला, हे कसं. आणि वर्षभर पहिल्या क्रमांकावर राहिलेल्या संघावर हा अन्याय नाही का. मी गेली बारा वर्षं योकोहामात राहतो आणि याच संघाचा, म्हणजे डीएनए बेस्टार्सचा, पाठीराखा आहे. माझं मन कुठे झुकतं ते आधीच सांगून ठेवलेलं बरं.

सगळ्यात आधी आयपीएल डोक्यातून काढून टाका, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. आयपीएलमध्ये साखळीत पहिलं येण्याचा मान थोडासाच. फायनल जिंकली तरच करंडक. जपानमध्ये तसं नाही. इथे सेंट्रल आणि पॅसिफिक अशा दोन लीग आहेत, प्रत्येकीत सहा संघ. एप्रिलच्या आसपास सुरू झालेला हंगाम ऑक्टोबरपर्यंत चालतो, प्रत्येक संघ १४३ सामने खेळतो, आणि जो पहिला येतो तो त्या लीगचा विजेता. तिथेच, त्याच रात्री मॅनेजरला, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला, हवेत उडवतात, हॉटेलात एकमेकांवर बिअर ओततात, लीगचा झेंडा त्या संघाच्या नावावर लागतो. पुढे काहीही झालं तरी हा झेंडा कुणी काढून घेत नाही. २०२४ चा सेंट्रल लीगचा विजेता कोण, असं विचाराल तर उत्तर योमिउरी जायंट्स हेच आहे आणि राहील.

त्यानंतर सुरू होते ती क्लायमॅक्स सीरिज. सहांपैकी वरच्या तीन संघांना इथे ‘ए क्लास’ म्हणतात, खालच्या तिघांना ‘बी क्लास’. ए क्लासमधला दुसरा आणि तिसरा संघ आधी आपसात भिडतात. ही फर्स्ट स्टेज: तीन सामने, दोन जिंकेल तो पुढे, आणि तिन्ही सामने दुसऱ्या क्रमांकाच्या मैदानावर. तिथला विजेता मग पहिल्या क्रमांकाच्या घरी जातो. ही फायनल स्टेज, २०२४ च्या नियमांनुसार: जास्तीत जास्त सहा सामने, चार विजय हवेत, आणि सगळे सामने पहिल्याच्याच मैदानावर. शिवाय पहिल्याच्या खात्यात एकही चेंडू टाकला जाण्याआधी एक विजय जमा असतो. म्हणजे त्याला प्रत्यक्षात तीनच जिंकायचे, आणि पाहुण्याला चार. हे पार करेल तो दुसऱ्या लीगमधून असाच पार होऊन आलेल्या संघाशी जपान सीरिज खेळतो, सातांत चार, आणि ती जिंकणारा तो ‘निप्पॉन-इची’, म्हणजे जपानमध्ये अव्वल.

एक बारीक नियम बाहेरच्यांना माहीत नसतो. बेसबॉलचा सामना नऊ इनिंगचा, आणि एका इनिंगमध्ये दोन्ही संघांची एकेक पाळी. जपानमध्ये बाराव्या इनिंगनंतरही धावा समान असतील तर सामना बरोबरीत सुटतो. क्लायमॅक्स सीरिजमध्ये विजय समसमान राहिले तर वरच्या क्रमांकाचा संघ पुढे जातो, त्यामुळे बरोबरीसुद्धा त्याच्याच पथ्यावर पडते. २०१४ च्या फर्स्ट स्टेजमध्ये कोशिएन या आपल्या घरच्या मैदानावर हानशिन टायगर्सने हिरोशिमा कार्पविरुद्ध पहिला सामना १-० ने जिंकला आणि दुसरा बारा इनिंग खेळून ०-० राहिला. दोन सामन्यांत मिळून एकच धाव, आणि तेवढ्यावर हानशिन पुढे गेलं.

आता हे सगळं आलं कुठून. १९५० मध्ये दोन लीग झाल्या तेव्हा हिशेब सरळ होता: दोन्हीकडचे पहिले थेट जपान सीरिज खेळायचे. पण १९६५ ते १९७३ अशी सलग नऊ वर्षं जायंट्सनेच जपान सीरिज जिंकली. सगळा देश जायंट्स बघत बसायचा आणि पॅसिफिक लीगच्या मैदानांत खुर्च्या रिकाम्या. म्हणून पॅसिफिकने १९७३ पासून हंगामाचे दोन भाग केले. पूर्वार्धाचा विजेता आणि उत्तरार्धाचा विजेता यांच्यात पाच सामन्यांची प्लेऑफ.

पहिल्याच वर्षी वाद पेटला. नानकाई हॉक्सचा मॅनेजर कात्सुया नोमुरा हाच त्यांचा कॅचरही, म्हणजे क्रिकेटच्या यष्टिरक्षकासारखा चेंडू झेलणारा, होता. त्याच्या संघाने पूर्वार्ध जिंकला. उत्तरार्धात हान्क्यू ब्रेव्ह्जविरुद्ध ते १३ सामने खेळले: १२ हरले, एक बरोबरीत, विजय शून्य. आणि प्लेऑफमध्ये याच हान्क्यूला ३-२ ने हरवून लीग घेऊन गेले! नोमुराने मुद्दाम ‘मेल्याचं सोंग’ घेतलं, हान्क्यूला गाफील ठेवलं, असं लोक म्हणू लागले. या पद्धतीची दुसरी अडचण १९७६ आणि १९७८ ला दिसली. हान्क्यूने दोन्ही भाग जिंकले आणि प्लेऑफ झालीच नाही. १९८२ नंतर हंगामाचे दोन भाग करणं बंद केलं. पुढे तीन वर्षं असा नियम होता की दुसरा संघ पहिल्याच्या पाच गेमच्या आत असेल तरच प्लेऑफ घ्यायची. तेवढा जवळ कुणी आलाच नाही, आणि १९८६ पासून तोही नियम गेला.

‘गेम’ हे इथलं अंतर मोजायचं माप आहे. दोन संघांच्या विजयांमधला फरक आणि पराभवांमधला फरक यांची बेरीज करायची आणि निम्मी करायची. २०२४ मध्ये जायंट्सचे ७७ विजय, ५९ पराभव. आमचे ७१ आणि ६९. सहा अधिक दहा, निम्मे आठ. म्हणजे आम्ही आठ गेम मागे होतो. हे माप लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट त्यातल्या अर्ध्या गेमची आहे.

२००४ हे जपानी बेसबॉलचं फार कठीण वर्ष. पॅसिफिकमधले दोन संघ विलीन करायचं ठरलं आणि सप्टेंबरात खेळाडूंनी इतिहासात पहिल्यांदाच संप केला. त्याच वर्षी पॅसिफिकने वरच्या तीन संघांची प्लेऑफ सुरू केली. जपानीत ‘शोका-जिआइ’ असा एक शब्द आहे. शब्दशः अर्थ ‘पचवून टाकायचे सामने’. पहिला नंबर ठरून गेल्यावर केवळ वेळापत्रकात आहेत म्हणून खेळायचे ते. असे सामने कमी व्हावेत, सप्टेंबरातही चौथ्या-पाचव्या संघाच्या माणसाला मैदानात यावंसं वाटावं, हा मूळ हेतू होता.

तेव्हा पहिल्या संघाला एक विजय आपोआप मिळत नसे. दुसऱ्यापेक्षा पाच गेम पुढे असेल तरच तो मिळायचा. सादाहारू ओह मॅनेजर असलेल्या फुकुओकाच्या हॉक्स संघाने २००४ मध्ये पहिला क्रमांक मिळवला, साडेचार गेमच्या आघाडीने. अर्धा गेम कमी पडला, विजय जमा झाला नाही, आणि पाच सामन्यांची लढत सेइबु लायन्सकडून २-३ ने गेली. २००५ मध्ये पुन्हा पहिला क्रमांक, आणि आघाडी पुन्हा साडेचारच! या वेळी चिबा लोट्टे मरीन्सकडून २-३. त्यातही वाईट म्हणजे त्या काळात पॅसिफिकमध्ये प्लेऑफ जिंकणाऱ्यालाच अधिकृत लीग-विजेता मानत. दोन वर्षं सगळ्यांच्या पुढे राहूनही हॉक्सच्या नावावर झेंडा नाही. तुम्ही ज्या अन्यायाबद्दल विचारताय, तो माझ्या मते खऱ्या अर्थाने तेव्हा झाला होता.

प्रेक्षक मात्र आले, पैसाही आला. मग सेंट्रल लीगही तयार झाली आणि २००७ पासून दोन्हीकडे ‘क्लायमॅक्स सीरिज’ हे एकच नाव लागलं. तेव्हापासून झेंडा पहिल्या क्रमांकाचा, हे पक्कं झालं. एक विजयाची भेट मात्र त्या वर्षी कुणालाच नव्हती. चुनिची ड्रॅगन्स दुसरे आले होते. त्यांनी जायंट्सना सलग तीन सामन्यांत उडवलं आणि जपान सीरिजही जिंकली, १९५४ नंतर पहिल्यांदा. (त्या सीरिजच्या शेवटच्या सामन्यात चुनिचीचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, दाइसुके यामाइ आठ इनिंग परफेक्ट टाकत होता, एकही बॅटर बेसवर पोचला नव्हता, आणि मॅनेजर ओचिआइ यांनी नवव्या इनिंगला त्याला काढून हितोकी इवासेला आणलं. सामना १-० ने जिंकला. त्या निर्णयावर इथे आजही दोन माणसांत दोन मतं निघतात.) २००८ पासून फायनल स्टेज सहा सामन्यांची झाली आणि पहिल्याला एक विजय कायमचा मिळाला. २०२४ लाही साचा हाच होता. अपवाद २०२०चा. कोरोनामुळे हंगाम १२० सामन्यांचा झाला. सेंट्रलने क्लायमॅक्स सीरिज घेतलीच नाही, आणि पॅसिफिकने फक्त वरच्या दोघांत घेतली.

तिसऱ्या क्रमांकावरून शेवटपर्यंत जाण्याला इथे ‘गेकोकुजो’ म्हणतात. जुन्या सरंजामी काळातला शब्द आहे, खालच्याने वरच्याला उलथवून टाकणं. २०१० साली लोट्टेने ते पहिल्यांदा केलं. फायनल स्टेजमध्ये, जमा विजय धरून, ते हॉक्सविरुद्ध १-३ ने मागे होते आणि तिथून सलग तीन जिंकले. पण त्या वर्षी लोट्टे पहिल्यापासून अडीच गेमच मागे होते. २०२४ ला आम्ही आठ गेम मागे होतो. त्यामुळे ‘हे बरोबर आहे का’ हा प्रश्न या वेळी इथेही जोरात विचारला गेला, आणि तो विचारणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही.

तरी एवढंच बघा की खालून वर जायला काय लागतं. २०१७ ला आम्ही तिसरे होतो आणि फर्स्ट स्टेज कोशिएनला. पहिला सामना हरलो. दुसऱ्या दिवशी पाऊस. कोशिएनचं इनफिल्ड मातीचं आहे, त्याचा अक्षरशः चिखल झाला. चेंडू टप्पा घ्यायचा तिथेच रुतून बसायचा, मैदानाची माणसं इनिंगा-इनिंगांमध्ये पोत्यांनी कोरडी माती आणून ओतत होती, खेळाडूंच्या पांढऱ्या पँटी गुडघ्यापर्यंत काळ्या झाल्या होत्या. सामने झालेच नसते तर एक विजय खात्यात असलेलं आणि वरच्या क्रमांकाचं हानशिन आपोआप पुढे जाणार होतं. मी घरी टीव्हीपुढे बसून पाऊस वाढू नये म्हणून हात जोडले होते. तो सामना १३-६ ने जिंकला, तिसराही जिंकला, पुढे हिरोशिमात जाऊन फायनल स्टेजही जिंकली. जपान सीरिज मात्र २-४ ने हरलो.

२०२४ ला हानशिनला त्यांच्याच मैदानावर दोनदा हरवलं. मग टोकियो डोम या जायंट्सच्या मैदानावर त्यांच्याविरुद्ध पहिले तीन जिंकले आणि पुढचे दोन गमावले. जमा विजय धरून ३-३. सहाव्या सामन्यात नवव्या इनिंगपर्यंत २-२. बरोबरी झाली असती तर आम्ही बाहेर होतो. तिथे कॅप्टन शुगो माकीचा फटका आला आणि सामना ३-२. जपान सीरिजमध्ये समोर ९१ विजयांचा सॉफ्टबँक हॉक्स, म्हणजे तोच फुकुओकाचा संघ. घरचे पहिले दोन हरलो. फुकुओकात जाऊन सलग तीन जिंकले, त्यातल्या दोनांत हॉक्सला एकही धाव काढता आली नाही.

सहावा सामना २ नोव्हेंबरला योकोहामात होता, तो पावसाने वाहून गेला. ३ तारखेला मी कान्नाई स्टेशनजवळच्या गल्लीतल्या एका यकितोरीच्या, म्हणजे काडीवर भाजलेल्या चिकनच्या, दुकानात होतो. आठ खुर्च्या, एक टीव्ही. तिकीट मिळालं नव्हतं, पण स्टेडियम इतकं जवळ की आरोळी आधी खिडकीतून ऐकू यायची आणि फटका पडद्यावर नंतर दिसायचा. पाचव्या इनिंगला सात धावा झाल्या तेव्हा दुकानदाराने, ज्याला सगळे ‘ताइशो’ म्हणतात, शेगडीवरच्या काड्या उलटायच्या थांबवल्या आणि दोन्ही हात एप्रनला पुसत नुसता उभा राहिला. दोन-तीन काड्या करपल्या. ११-२. त्याने मागच्या भिंतीवरचा १९९८ चा, म्हणजे आम्ही याआधी शेवटचं जिंकलो त्या वर्षीचा, पिवळा पडलेला फोटो काढून गिऱ्हाइकांच्या हातात दिला. त्या वर्षीच्या संघात पिचर असलेला दाइसुके मिउरा आता मॅनेजर म्हणून पडद्यावर हवेत उडत होता.

रात्री पैसे देताना मी ताइशोंना म्हटलं, सव्वीस वर्षांनी जिंकलो. ते म्हणाले, “निप्पॉन-इची झालो, खरंय. पण लीग नाही जिंकली. पुढच्या वर्षी पहिला नंबर पाहिजे.”

पुढच्या वर्षी, २०२५ ला, आम्ही दुसरे आलो आणि फायनल स्टेजमध्ये पहिल्या क्रमांकाच्या हानशिनने आम्हाला एकही सामना जिंकू दिला नाही. तो १९९८ चा फोटो अजून भिंतीवर आहे. सेंट्रल लीगचा झेंडा त्यानंतर योकोहामात आलेला नाही.