हेलिकॉप्टरचा आवाज आला की ड्रोन खाली

प्रश्न : सुट्टीत शहापूरकडच्या माळावर ड्रोन उडवतो. नकाशात हिरवा झोन (परवानगी न घेता ड्रोन उडवता येतो तो भाग) बघतो, 120 मीटरच्या आत राहतो. परवा डोंगराआडून अचानक हेलिकॉप्टर आलं आणि काही सुचेना. अशा वेळी नेमकं काय करायचं? – वाचक, बोरिवली

उत्तर : आवाज कानावर पडताच ड्रोन खाली आणायला लागा, हेलिकॉप्टर दिसायची वाट बघू नका. हिशेब सोपा आहे. छंदाचे बरेच ड्रोन सेकंदाला 3 मीटरच्या आसपास उतरतात, म्हणजे 120 मीटरवरून जमिनीवर यायला 40 सेकंद. ताशी 216 किलोमीटरने येणारं हेलिकॉप्टर तेवढ्यात 2400 मीटर अंतर कापतं. डोंगराआडून ते दिसलं, तेव्हा बहुधा याहून जवळ आलेलं असतं.

थ्रॉटल (उंची कमी-जास्त करणारी रिमोटवरची कांडी) खाली ओढताना ड्रोन हेलिकॉप्टरच्या वाटेपासून दूर, जरा तिरका सरकवत ठेवा. अगदी सरळ खाली आणला तर पंखे स्वतःच ढकललेल्या हवेत सापडतात आणि ड्रोन हेलकावायला लागतो.

घाबरून 'रिटर्न टू होम', म्हणजे ड्रोनला आपोआप परत आणणारं बटण, मात्र दाबू नका! ड्रोन लांब आणि परतीसाठी सेटिंगमध्ये ठरवलेल्या उंचीच्या खाली असेल, तर तो परतण्याआधी त्या उंचीपर्यंत वर चढतो. तुम्ही 40 मीटरवर आहात आणि सेटिंग 100 मीटरचं आहे, तर तो 60 मीटर वर जाईल, थेट हेलिकॉप्टरच्या वाटेत. सिग्नल तुटल्यावरही सहसा हेच होतं. म्हणून दर वेळी उडवण्याआधी आसपासचं सर्वांत उंच झाड किंवा टॉवर बघा आणि त्याहून 15 मीटर जास्त एवढीच परतीची उंची ठेवा.

120 मीटर ही कायद्याची मर्यादा आहे. तिच्याखाली आकाश रिकामंच असेल असं समजू नका. सप्टेंबर 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडजवळ लष्करी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरला ड्रोन धडकला, तो साधारण 90 मीटरवर. रोटरच्या पात्याला पोचा पडला. ड्रोन उडवणारा 4 किलोमीटर दूर, स्क्रीनकडे बघत होता. हेलिकॉप्टर आल्याचं त्याला कळलंच नाही. सोबत एक माणूस ठेवा, त्याने फक्त आकाशाकडे बघायचं आणि कान उघडे ठेवायचे. व्हिडिओ कसा येतोय हे त्याला दाखवत बसू नका.

प्रश्न : माझा ड्रोन 249 ग्रॅमचा आहे. चेंबूरला गच्चीवरून उडवला तर चालेल ना?

उत्तर : नाही. 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, एवढं खरं. पण झोनचे नियम वजन बघत नाहीत. विमानतळाच्या कुंपणापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय फक्त 60 मीटरपर्यंत उडवता येतं. चेंबूर तर 8 किलोमीटरच्याही आत आहे. शिवाय मुंबई पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश वेळोवेळी निघतात, तेही बघावे लागतात. वजन कमी म्हणून धोका कमी, असंही नाही. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसला वणवा विझवणाऱ्या विमानाच्या पंखाला एवढ्याच वजनाच्या ड्रोनने भोक पाडलं आणि ते विमान जमिनीवर उभं राहिलं, तेही आग पेटलेली असताना.

प्रश्न : डोंगरावरून उडवतो. रिमोटवर 110 मीटर दिसतात, म्हणजे मर्यादेत आहे ना? – वाचक, पनवेल

उत्तर : रिमोटवरची उंची तुम्ही उडवलं त्या जागेपासूनची असते. 80 मीटर उंच कड्यावरून उडवून ड्रोन दरीवर नेलात, तर खालच्या जमिनीपासून तो 190 मीटरवर असतो. दुसरं म्हणजे, तुम्ही झोनचा जुना नकाशा वापरत असाल, तर तो आता उपयोगाचा नाही. नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून प्रवासी विमानं उडतात. 'डिजिटल स्काय' या ड्रोनसाठीच्या सरकारी वेबसाइटवरचा नकाशा उडवायच्या दिवशी सकाळी उघडून बघा, मगच बॅटरी चार्जिंगला लावा.