वाचकांचे प्रश्न : 'यादों की बारात'मधला आठ-नऊचा जोड

प्रश्न : 'यादों की बारात' या हिंदी चित्रपटात तीन भावांच्या आईवडिलांचा खून करणाऱ्या शाकालच्या एका पायात आठ नंबरचा बूट, दुसऱ्यात नऊ नंबरचा. एवढ्यावरून खुनी ओळखता येईल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नुसतं बघून तर नाहीच. आपल्याकडच्या मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, जेमतेम साडेआठ मिलिमीटर. चालत्या माणसाच्या पायात तो कुणाला दिसणार? म्हणून कॅमेरा कितीही वेळा बुटांवर गेला, तरी आकडा बोलूनच सांगावा लागतो.

दोन पाय थोडे लहानमोठे असणं मात्र अगदी नेहमीचं. अशा वेळी मोठ्या पायाच्या मापाचा जोड घेतात आणि दुसऱ्या बुटात जादा सुखतळा सरकवतात. शाकालने एवढं केलं असतं तर थोरला भाऊ शंकर (धर्मेंद्र) त्याला जन्मभर शोधत बसला असता! तरीही पटकथालेखक सलीम-जावेद यांची ही खूण पक्की आहे. नाव बदलता येतं, वेष बदलता येतो. पाय कुठून बदलणार? शिवाय शेवटी पायानेच घात होतो : तो रुळात अडकतो आणि वरून गाडी येते. अजित यांचा रुबाबदार शाकाल त्या क्षणी पहिल्यांदा केविलवाणा दिसतो.

प्रश्न : हॉटेलात लहानपणीचं घरचं गाणं ('यादों की बारात') ऐकूनही शंकर ताटातूट झालेल्या भावांना ओळख का देत नाही?

उत्तर : कारण गाणं भावांना जोडतं, सूड मात्र बुटांच्या वाटेने जातो. शंकरने तिथेच मिठी मारली असती तर गोष्ट भरतभेटीवर संपली असती आणि शाकाल सुटला असता. धर्मेंद्र तिथे फारसं काही करत नाहीत, डोळे भरू देतात. त्यांच्या उत्तम प्रसंगांपैकी हा एक.

प्रश्न : या गाण्यात लहान मुलांचे आवाज कुणाचे?

उत्तर : लताबाईंबरोबर पद्मिनी आणि शिवांगी कोल्हापुरे या बहिणी गायल्या आहेत. हो, पुढे 'प्रेमरोग' (1982) गाजवणारी तीच पद्मिनी. मोठेपणीचं गाणं किशोरकुमार आणि रफी यांचं. शब्द मजरूह यांचे, चाल आर. डी. बर्मन यांची. याच चित्रपटातल्या 'चुरा लिया' गाण्याच्या सुरुवातीला काचेची किणकिण येते, ती स्वस्तातल्या स्पीकरवर पार हरवते; हेडफोन लावून ऐका.

प्रश्न : आमिर खान यात कोणता मुलगा?

उत्तर : धाकटा रतन. मोठेपणी ती भूमिका तारिक या नटाने केली. मधला विजय म्हणजे विजय अरोरा. आमिर आणि तारिक दोघेही दिग्दर्शक नासिर हुसेन यांचे पुतणे-भाचे, त्यामुळे चेहऱ्यात घरचं साम्य आयतंच मिळालं. चित्रपट 1973चा, आमिरचा जन्म 1965चा. वयाचा हिशेब तुम्हीच करा.

प्रश्न : 'शान'मधला शाकाल हाच का?

उत्तर : नाही. नाव तेच, लेखकही तेच, माणूस वेगळा. 'शान' (1980) मध्ये तो कुलभूषण खरबंदा यांनी केला, टक्कल करून. प्रश्नमंजूषेत इथे हमखास घोटाळा होतो.