प्रकाशनसंस्था बंद पडली की तिच्या पुस्तकांचे हक्क कुठे जातात?

एका जुन्या इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करायचाय, पण तिच्यावर ज्या प्रकाशकाचं नाव आहे तो कुठेच सापडत नाही, मग परवानगी मागायची कुणाकडे, असा तुमचा प्रश्न आहे. मी अनुवादाच्या परवानग्या मिळवण्याचं काम करते आणि या वाटेवर पुष्कळ भटकले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

संस्था बंद पडते किंवा विकली जाते तेव्हा तिचं नाव, लेखकांशी झालेले करार, शिल्लक प्रती आणि दप्तर हे सगळं एकाच्याच हाती पडेल असं नसतं. आपण नावाच्या मागे धावतो, कारण पुस्तकावर तेच छापलेलं असतं. माग काढायचा असतो तो कराराचा.

मॅकमिलनचंच बघा. ‘गॉन विथ द विंड’ १९३६ साली न्यू यॉर्कच्या मॅकमिलनने काढली. अमेरिकेत मॅकमिलन नावाची मोठी संस्था आजही आहे, तेव्हा पत्र तिलाच पाठवावं असं कुणालाही वाटेल. पण ती ही नव्हे. डॅनियल आणि अलेक्झांडर या मॅकमिलन बंधूंनी १८४३ मध्ये लंडनला संस्था सुरू केली, १८६९ मध्ये न्यू यॉर्कला तिची शाखा निघाली, १८९६ मध्ये ती शाखा वेगळी कंपनी झाली आणि पुढे दोघींचे मार्ग पूर्ण वेगळे झाले. १९८८ साली अमेरिकेतली मॅकमिलन ब्रिटिश उद्योगपती रॉबर्ट मॅक्सवेलने विकत घेतली. १९९१ मध्ये तो आपल्या बोटीवरून समुद्रात पडून मरण पावला, कर्जावर उभा असलेला त्याचा डोलारा कोसळला, आणि १९९४ मध्ये ही कंपनी सायमन अँड शुस्टरच्या ताब्यात आली. कथा-कादंबऱ्यांचे करार त्यांच्याकडे गेले. लंडनची मॅकमिलन मात्र जर्मनीच्या होल्ट्सब्रिंककडे गेली होती, आणि २००१ मध्ये अमेरिकेत ते नाव वापरायचा हक्कही होल्ट्सब्रिंकनेच मिळवला. म्हणजे नाव एकाकडे आणि पुस्तकं दुसऱ्याकडे! ‘गॉन विथ द विंड’ आज सायमन अँड शुस्टरच्या स्क्रिब्नर या नावाखाली निघते. हे स्क्रिब्नर १८४६ पासूनचं स्वतंत्र प्रकाशनगृह, ते १९८४ मध्ये मॅकमिलननेच विकत घेतलं होतं. विकत घेणाऱ्याच्या पुस्तकांची यादी शेवटी विकल्या गेलेल्याच्या नावाने जगते आहे, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

सगळीकडे इतका गुंता नसतो. व्हर्जिनिया आणि लेनर्ड वुल्फ यांनी १९१७ मध्ये राहत्या घरात हातछपाईचं यंत्र ठेवून होगार्थ प्रेस सुरू केली. ती १९४६ मध्ये चॅटो अँड विंडसकडे गेली, चॅटो १९८७ मध्ये रँडम हाउसकडे, रँडम हाउस १९९८ मध्ये जर्मनीच्या बर्टेल्समान कंपनीकडे, आणि २०१३ मध्ये पेंग्विनशी एकत्र आलं. अशी साखळी सरळ असली की शेवटच्या कडीला पत्र लिहावं.

दिवाळं निघालं तर गोष्ट वेगळी. १८२६ मध्ये एडिंबराचा प्रकाशक आर्चिबाल्ड कॉन्स्टेबल बुडाला आणि त्याच्याबरोबर त्याचा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटही १ लाख २० हजार पौंडांच्या आसपास कर्जात गेला. स्कॉटच्या कादंबऱ्यांचे हक्क लिलावात निघाले. ते कॉन्स्टेबलचा भागीदार रॉबर्ट कॅडेल आणि स्कॉटचे विश्वस्त यांनी मिळून घेतले, आणि १८५१ मध्ये ते ए. अँड सी. ब्लॅक या प्रकाशकांकडे गेले. धनकोंच्या लेखी हक्क ही विकायची मालमत्ताच होती. पुढच्या काळात पुष्कळ करारांत अट दिसते की प्रकाशक बुडाला, किंवा प्रती संपून ठरावीक मुदतीत पुन्हा छापल्या नाहीत, तर हक्क लेखकाकडे परत जातील. ही अट माझ्या मते तुमच्या शोधात सगळ्यांत महत्त्वाची आहे.

एका कथासंग्रहासाठी मी सात महिने एका प्रकाशकाची वारस कंपनी, तिची मालक कंपनी, पुन्हा तिची मालक कंपनी अशी पत्रं लिहीत बसले होते. हक्क कधीच लेखिकेकडे परत गेले होते आणि तिच्यानंतर मुलीकडे आले होते. मुलीने दोन दिवसांत होकार कळवला. आईचं पुस्तक कुणाला तरी आठवतंय याचाच तिला आनंद होता. तेव्हापासून मी सुरुवात लेखकापासून करते.

आधी शीर्षकपानामागचं पान नीट वाचा. तिथे हक्क लेखकाच्या नावे असतील तर प्रकाशकाकडे बहुधा फक्त छापण्याची परवानगी होती, आणि अनुवादाचे हक्क लेखकाने किंवा त्याच्या एजंटने स्वतःकडेच ठेवले असण्याची शक्यता मोठी. लेखकाच्या मृत्यूचं वर्षही बघा. अनेक देशांत त्यानंतर ७० वर्षांनी, काही ठिकाणी ६० किंवा ५० वर्षांनी हक्क संपतात, मग परवानगीचा प्रश्नच उरत नाही. पुस्तकाची सर्वांत नवी आवृत्ती मिळाली तर तिच्यावर आजच्या हक्कधारकाचा पत्ता बहुतेक वेळा लागतोच. टेक्सस विद्यापीठाचं हॅरी रॅन्सम सेंटर आणि इंग्लंडचं रेडिंग विद्यापीठ मिळून लेखकांच्या वारसांची ‘वॉच’ नावाची सूची चालवतात, आणि बंद पडलेल्या संस्थांचीही त्यांची वेगळी सूची आहे. दोन्ही फुकट पाहता येतात.

तरीही अडलात तर दप्तर कुठे आहे ते शोधा. १७६८ साली सुरू झालेलं जॉन मरे हे प्रकाशनगृह २००२ मध्ये विकलं गेलं, आज ते हॅशेट या फ्रेंच प्रकाशनसमूहाकडे आहे, पण त्याची जुनी कागदपत्रं स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. होगार्थ आणि चॅटोची रेडिंग विद्यापीठात आहेत. हक्क परत केल्याचं एखादं पत्र अशा दप्तरातच सापडतं, आणि तिथले अभिलेखपाल मनापासून मदत करतात असा माझा अनुभव आहे.

कंपनीला लिहाल तेव्हा पुस्तकाचं नाव, मूळ प्रकाशक आणि पहिल्या आवृत्तीचं वर्ष द्या, आणि हक्क तुमच्याकडे नसतील तर तसं लेखी कळवा, अशी विनंती जरूर करा. तो नकार जपून ठेवा. पुढच्या दारी गेल्यावर तुम्ही आधी कुठे कुठे विचारलंत, हे त्यावरूनच दाखवता येतं.