बातम्या बघताना वर्दीतल्या पोराला काय वाटतं?

प्रश्न असा आहे: ‘युद्धाच्या, हल्ल्यांच्या बातम्या बघताना सैन्यातल्या तरुण मुलांना नेमकं काय वाटतं? भीती की जोश?’

मी नौदलात आहे, अग्निवीर, वय 21. गाव मालवण तालुक्यात, अगदी दर्याला लागून. जहाज कुठलं, बंदर कुठलं, काम काय, यातलं काही लिहिणार नाही. सरकारच्या धोरणावर बरं-वाईट मतही देणार नाही, वर्दी अंगावर असेपर्यंत ते जाहीर बोलायचं नसतं. खाली जे आहे ते एक तर पेपरात येऊन गेलेलं आहे, नाहीतर आमच्या घरातलं.

लोकांना वाटतं, आम्हाला बातम्या आधी कळतात. उलट आहे. किनारा दिसेनासा झाला की फोनची रेंज जाते. आपला वॉच (म्हणजे पहाऱ्याची पाळी), आपलं काम आणि पाईपवर, म्हणजे जहाजावरच्या घोषणेत, जे सांगतील ते, एवढंच जग उरतं. धक्क्याला लागलो की आठवड्याच्या बातम्या एकदम अंगावर येतात, त्याही उलट्या क्रमाने: शेवटची आधी, पहिली सगळ्यात शेवटी. तोवर गावातल्या चहाच्या टपरीवर त्या शिळ्याही झालेल्या असतात.

मे 2025 चं सांगतो. 22 एप्रिल 2025 ला पहलगामला 26 माणसं मारली गेली, त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली. 7 मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं. त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल होती आणि त्या यादीत रत्नागिरी, सिंधुदुर्गचीही नावं होती. आमच्या आजीला लगेच 71 चं युद्ध आठवलं. तेव्हा म्हणे पोलीस पाटील सांगून गेला होता, रात्री दिवे मालवा. गावात वीजच नव्हती. लोकांनी कंदिलाची वात खाली केली आणि झोपले.

हे सगळं मला नंतर कळलं. मी तेव्हा कुठे होतो ते सोडा. 8 मेच्या रात्री काही वाहिन्यांनी सांगून टाकलं की नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केलं. स्फोटांची चित्रं, सायरनचा आवाज, निवेदक उभे राहून ओरडतायत. आमच्या ओटीवर शेजारपाजारचे जमले. कोणी पेढे आणायला निघाला. आई मात्र माझा फोन लावत बसली, आणि तो लागत नव्हता. कराची पडली म्हणजे पोरगं तिथे गेलं होतं, आणि गेलं होतं तर परत आलं का? तिचा हिशोब सरळ होता.

नौदलाने कराचीवर हल्ला केलेलाच नव्हता. 11 मेच्या पत्रकार परिषदेत नौदलाच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं ते एवढंच की जहाजं समुद्रात पुढे तैनात होती आणि कराचीसह ठरवलेल्या लक्ष्यांवर मारा करायच्या तयारीत होती. ‘तयारीत होतो’ आणि ‘उद्ध्वस्त केलं’ या दोन वाक्यांच्या मधे जी जागा आहे, तिथे माझ्या आईने दोन रात्री काढल्या. मला त्या वाहिन्यांचा राग आहे तो यासाठी. देशभक्तीचा वाद मला कोणाशी घालायचा नाही.

रेंज आली तेव्हा फोनवर 43 मिस्ड कॉल. लावला तर बाबांनी उचलला. बाबा मच्छीमार, बोलणं मोजकंच. म्हणाले, “खंय आसस तां सांगू नको. जेवलस मां?” मी हो म्हटलं. मग त्यांनी फोन आईकडे दिला आणि पुढची वीस मिनिटं मला काही बोलावं लागलं नाही.

आणि कराचीचं नाव नौदलात इतक्या हलकेपणाने घेत नाहीत. 4 डिसेंबरला आपण नौदल दिन साजरा करतो तो 1971 च्या कराचीवरच्या हल्ल्याचा. मिसाइल बोटी गेल्या, काम करून परत आल्या. हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्यानंतर पाचच दिवसांनी, 9 डिसेंबरला, दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने आपली युद्धनौका ‘खुकरी’ बुडवली. 18 अधिकारी आणि 176 खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. मला एका सीनियरने ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, कराची म्हणशील तेव्हा खुकरी पण म्हण. त्या रात्री ओरडणाऱ्यांपैकी कोणी ते म्हटल्याचं निदान आमच्या ओटीवर तरी कोणाला आठवत नाही.

आता भीतीचं. खरं सांगतो, जहाजावर असताना भीतीला वेळ मिळत नाही. चार तास वॉच, मग साफसफाई, मग कुठली तरी ड्रिल, मग झोप आणि पुन्हा वॉच. भीती वाटते ती रजेवर असताना.

जानेवारी 2024 मध्ये मी घरी होतो. 26 तारखेला एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं आणि टाकीला आग लागली. जहाजावर 22 भारतीय आणि एक बांगलादेशी. आपली युद्धनौका ‘विशाखापट्टणम’ मदतीला गेली, अग्निशमनाची तुकडी त्या जहाजावर चढली आणि सहा तासांनी आग आटोक्यात आली. बातमीत हे दोन ओळींत होतं. मी त्या दोन ओळी चार वेळा वाचल्या. आत नाफ्था होता, पटकन पेट घेणारं तेल. ट्रेनिंगमध्ये आम्हाला आगीच्या खोलीत शिरवतात. पाण्याचा होज एकट्याच्या हातात राहत नाही, मागे तीन-चार जण धरून असतात, आणि तोंडावर येणारी धग ही काय चीज आहे ते तेव्हा कळतं. तिथे निदान शिकवणारा बाहेर उभा असतो. हे पेटलेलं जहाज परक्याचं, भर समुद्रात, आणि आणखी एक क्षेपणास्त्र येणार नाही हे कोणी सांगावं? मी मात्र घरी सोलकढी पीत बसलो होतो. लाज म्हणा, काही म्हणा, घास उतरेना.

तेवढ्यात देवगडची आत्या आली. तिचा मुलगा टँकरवर ऑइलर आहे, इंजिनरूममध्ये काम करतो. कोकणात घरटी नाही म्हटलं तरी वाडीला एखादा ‘बोटीवर’ असतोच. तिला वाटत होतं मी नेव्हीत म्हणजे मला सगळं ठाऊक. “अरे जरा विचार ना तुझ्या सायबांका, आमचो बाबू खंय आसा तो.” मी काय विचारणार, आणि कोणाला? बाबू दुसऱ्या दिवशी स्वतःच ऑनलाइन आला, सिंगापूरला होता आणि मजेत होता. आत्या तरी मला अजून म्हणते, तू विचारलंस म्हणून कळलं. मीही आता नाही म्हणत नाही.

जोशाचंही सांगतो, पण तो बातम्यांतून कमीच आला. 4 डिसेंबर 2023 चा नौदल दिन आमच्या तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला. समोर जहाजं उभी, आकाशात विमानं, सगळा तालुका वाळूत. मी दुसऱ्याच किनाऱ्यावर होतो आणि घरून आलेले व्हिडिओ बघत होतो. त्याच दिवशी मालवणच्या राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. 26 ऑगस्ट 2024 ला तो कोसळला, पावणेनऊ महिन्यांत. बारा दिवसांनी गणपती आणि मी रजेवर गावात. घराघरात आरतीला गेलो की तोच प्रश्न, “काय रे, तुमच्या नेव्हीन उभो केललो ना?” पुतळ्याचं काम नौदलाने राज्य सरकारबरोबर केलं होतं, हे नौदलाने स्वतःच निवेदनात सांगितलं होतं, त्यामुळे नाही तरी कसं म्हणू? आणि त्यापुढे मला काही माहीतही नव्हतं, माहीत असतं तरी बोलता आलं नसतं. मी प्रसादाची वाटी घेऊन मान खाली घालून बसायचो. कुठल्याही युद्धाच्या बातमीपेक्षा तो आठवडा मला जड गेला. आता तिथे नवा, आधीच्यापेक्षा बराच उंच पुतळा उभा आहे. यंदा बघून आलो. पाया दोनदा बघितला.

अग्निवीरांबद्दलची बातमी हा तर वेगळाच ताप. चार वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्के कायम होणार हे आम्हाला भरती होतानाच माहीत होतं. महिन्याच्या पगारातून 30 टक्के सेवा निधीत (चार वर्षांनी एकरकमी मिळतो तो) जातात, माझ्या या तिसऱ्या वर्षी 36,500 पैकी 25,550 हातात येतात. त्याबद्दल तक्रार नाही. पण दर काही दिवसांनी व्हॉट्सॲपवर कोणीतरी टाकतं की टक्केवारी वाढली, मग दुसरा टाकतो की काही वाढली नाही. घरी बाबा पेपरातलं कात्रण काढून ठेवतात आणि मी आलो की समोर धरतात, “ह्यां खरां?” दहावीच्या निकालाआधीचे दिवस आठवतात. फरक इतकाच, की तेव्हा निकालाची तारीख ठरलेली असायची.

तर, भीती की जोश? जोश ओटीवर बसलेल्यांना आला, भीती आईला वाटली. माझ्या वाट्याला बहुतेक वेळा वॉच आला.

यंदाही गणपतीला रजा मिळाली. लागोपाठ दोन वर्षं, मेसमधली बाकीची कोकणी पोरं माझ्याशी धड बोलत नाहीत. परवा आमच्याकडे भजनानंतर उसळ-चहा चालला होता. वाडीतल्या एका काकांनी मला बाजूला घेतलं, आवाज खाली केला, जसं काही मी दिल्लीहून निरोप घेऊन आलोय. “खरां सांग, पुन्हा युद्ध व्हतला काय?”

मी म्हटलं, “काका, टीव्ही तुमच्याकडे आसा. माकां काय म्हायत?”